निळा सूर्य आणि औपगवांचे नक्तव्रत

पूर्वी कृतयुगात, दक्षिणसमुद्राच्या तीरी, नारिकेलवृक्षांनी वेढलेल्या आणि सामघोषाने निनादणाऱ्या आश्रमात औपगव नावाचे महातपस्वी ऋषी राहत असत. सायंकाळी सूर्याला अर्घ्य द्यावे आणि पहिली तारका दिसल्यावरच अन्न घ्यावे, असे त्यांचे बारा वर्षांचे नक्तव्रत सांगतेला आले होते. तप अफाट खरे. पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर!

त्याच सुमारास समुद्रापलीकडच्या ज्वालोदर पर्वताचे पोट फुटले आणि त्याचे भस्म अंतराळात उसळले. दुसऱ्या दिवशी सहस्ररश्मी सूर्य निळा उगवला आणि निळाच मावळला. ऋषींनी अर्घ्य दिले, तोच विझू लागलेली पश्चिमा पुन्हा आरक्त पेटली. सूर्यास्तापूर्वीच अर्घ्य दिले की काय, या शंकेने त्यांनी पुन्हा दिले. मग वेळ टळली म्हणून प्रायश्चित्ताचे आणखी एक. तांबडेपणा ओसरला, तरी भस्माआड एकही तारका दिसेना. रोज हेच घडू लागले. ऋषी उपाशी आणि मनस्वी वैतागलेले.

अखेर एका सायंकाळी त्यांनी हाती जल घेतले. “हे संध्ये, माझ्या व्रताशी खेळतेस? या भूमीवर तुझा मुक्काम यापुढे अल्पकाळच राहील!”

आरक्तवसना संध्या प्रकटली. “मुनिवर, मावळलेल्या सूर्याचे किरण ज्वालोदराच्या भस्मावर पडतात, म्हणून आकाश पेटते. यात माझा काय अपराध? शापण्यापूर्वी विचारायचे तरी होते!”

वड्याचे तेल वांग्यावर निघाले होते, आणि उच्चारलेला शाप ऋषींनाही मागे घेता येत नाही. “मग माझे व्रत?” ते ओरडले. “बारा वर्षे मातीत घालू?”

“ते आपल्या पत्नीला विचारा,” संध्या म्हणाली.

ऋषिपत्नी धृती पाकशाळेच्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती. पतीआधी जेवायचे नाही, हा तिचा नेम. तिच्याने उठवेना.

“देवी, तू इतके दिवस उपाशी?”

“आपण आकाशाकडेच पाहत होता, स्वामी.”

औपगवांना विलक्षण लाज वाटली. त्यांनी घाईने भात आणून घास तिच्या ओठांशी नेला. तिने मान फिरवली. “आधी आपण.”

ऋषींनी एकदा वर पाहिले. तारका नव्हती. त्यांनी तो घास स्वतःच्या तोंडात घातला, आणि मग धृती जेवली.

तेव्हापासून आपल्याकडे संध्या घाईने निघून जाते; दूर कुठे पर्वत फुटला, तरच शाप सैल पडून रेंगाळते. अशा तांबड्या सायंकाळी औपगवांच्या कुळात तारकेची वाट पाहत नाहीत. घरातला कर्ता पुरुष मुकाट्याने पानावर बसतो आणि पहिला घास घेतो.