आधीच भरलेलं उजवं पान

एका राज्यात एक शाळा होती, पण तिथं पोरं शिकत नव्हती. तिथं पोरांचे गुरुजी आणि बाई व्हायला निघालेली मोठी माणसं शिकत होती. मिशा फुटलेले बाप्ये आणि पदर खोचलेल्या बाया मांडी घालून ओळीनं बसायच्या आणि फळा कसा पुसावा, हेसुद्धा शिकायच्या. हसू नका. फळा वरून खाली पुसायचा असतो. आडवातिडवा पुसला की सगळी धूळ पहिल्या रांगेतल्या पोरांच्या नाकात जाते.

या शाळेच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांचं खरं नाव काहीतरी असेलच, पण ते विचारायची कुणाची छाती नव्हती. बाई ओरडत नसत, छडी तर हातातही धरत नसत. नुसत्या चष्म्यावरून बघत, तेवढ्यानंच भल्याभल्यांची गाळण उडायची.

शाळेची एक रीत होती. टेकडीखाली लहान मुलांची शाळा होती, तिथं जाऊन प्रत्येकानं वर्षभरात तीस पाठ घ्यायचे. दर पाठाला वहीची दोन पानं. डावं पान टाचणाचं: आज काय शिकवणार, कसं शिकवणार, ते पाठाआधी लिहायचं. उजवं पान चिंतनाचं: पाठ झाल्यावर शांत बसून आठवायचं, कोण शिकलं, कोण राहिलं, आपलं काय चुकलं. ते नंतर लिहायचं.

रीत चांगलीच होती हो, पण माणसाची जात! पाठ संपला की पोटात कावळे ओरडायला लागायचे, अंगणात विटीदांडूचा डाव मांडलेला असायचा. तेव्हा कधीकाळी कुणीतरी शक्कल काढली की दोन्ही पानं आदल्या दिवशी एकाच बैठकीत उरकायची. वाक्यंसुद्धा ठरलेली. 'मुले आनंदाने रमली. एकही मूल मागे राहिले नाही. उद्देश सफल झाला.' जुन्यांनी नव्यांना ही वाक्यं मुरलेल्या लोणच्यासारखी देऊन ठेवली होती. लग्नाआधी बारसं उरकावं तसला हा प्रकार! पण कुणालाच त्यात काही वावगं वाटत नसे.

सुंद्रालाही वाटत नसे. सुंद्रा लांबच्या एका डोंगरवाडीतून आली होती. बोलायला गोड, गळा गोड, आणि अक्षर तर असं की बघत राहावं. त्या अक्षरापायी इतरांची उजवी पानंही तीच लिहून द्यायची, एका पानाला एक बेसनाचा लाडू. वर्षाअखेरीस तिची वही भरली होती आणि चोळ्या घट्ट झाल्या होत्या.

आता खरी गोष्ट ऐका. राजाचा हुकूम होता की दर वर्षी राज्यात एकच नवी शाळा उघडायची. वर्षाच्या शेवटी मोठ्या बाईंसमोर शेवटचा पाठ व्हायचा, आणि ज्याचा पाठ खरा उतरेल त्याला पितळी घंटा मिळायची. ती घंटा त्यानं आपल्या गावी नेऊन टांगायची, की झाली शाळा सुरू. बाकीच्यांनी पुढच्या वर्षाची वाट बघायची.

सुंद्राच्या वाडीत बावीस घरं होती आणि शाळेचा पत्ता नव्हता. पोरं शेरडं राखायची. सुंद्राला घंटा मिळणारच, या खात्रीनं वाडीनं आधीच एक झोपडी उभी केली होती, सारवून रांगोळीसुद्धा घातली होती. शेवटच्या पाठाच्या दिवशी तिची भागूआत्या बैलगाडी जुंपून सकाळपासून दारात येऊन बसली.

"आत्ये, अजून पाठ व्हायचाय," सुंद्रा म्हणाली.

"होऊ दे की. बैलांना तेवढाच विसावा. पण घंटा घेतल्याबिगर मी काही हलायची नाही. पोरं वेशीवर येऊन बसलीत गं."

सुंद्रानं वही उचलली आणि ती वर्गाकडं वळली.

शेवटच्या पाठाला चौघं होते. पहिल्या तिघांचे पाठ झाले. आणि त्या दिवशी बाईंनी एक नवीनच काढलं. प्रत्येक पाठ संपल्यावर त्या म्हणाल्या, "पोरांना अजून सोडू नका. आधी घटकाभर बसून उजवं पान लिहा, आणि इथंच, त्यांच्यासमोर वाचा." तिघांनी घटकाभर वहीवर कोरडा टाक फिरवला आणि पानं खणखणीत आवाजात वाचली. 'एकही मूल मागे राहिले नाही, उद्देश सफल झाला.' बाई नुसत्या "बरं" म्हणाल्या.

मग सुंद्रा उभी राहिली. पाठ वजाबाकीचा होता. तिनं गाणं म्हटलं, पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या, फळ्यावर छान पेरूचं झाड काढलं.

"झाडावर पाच पेरू होते. पोपट आला, त्यानं दोन पेरू खाल्ले. किती उरले?"

कोपऱ्यातल्या गोणपाटावरून एका पोरीनं सगळ्यांच्या आधी हात वर केला. तिचं नाव बाळी. वेण्या सुटलेल्या, डोळे टपोरे.

"पाच!" बाळी म्हणाली.

सगळा वर्ग खो खो हसला. बाळी उठून म्हणाली, "बाई, पण पोपट..."

सुंद्रानं मागं बसलेल्या मोठ्या बाईंकडं पाहिलं. टाचणात आता दुसरं उदाहरण होतं. "खाली बस बाळी, नीट लक्ष दे. दुसरं कोण सांगेल?"

"तीन!" सगळे ओरडले. पाठ पुढं गेला, झोकात गेला. शेवटी पुन्हा गाणं झालं, पुन्हा टाळ्या झाल्या. फक्त बाळी भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिनं नंतर ना हात वर केला, ना टाळी वाजवली.

"आता उजवं पान," मोठ्या बाई म्हणाल्या.

सुंद्रानंही घटकाभर लिहिल्यासारखं केलं. मग वही उघडून वाचू लागली. "मुले आनंदाने रमली. एकही मूल मागे..."

आणि तिची नजर बाळीच्या पाठीवर गेली.

त्या वाक्याचे दोनच शब्द उरले होते. राहिले नाही. बस, एवढं म्हटलं की संपलं. बाकी तिघांनी म्हटलंच होतं की! बाहेर आत्या बसली होती, वेशीवर पोरं बसली होती. पण समोर ती एवढीशी पाठ दिसत होती, आणि त्या पोरीच्या देखत ते वाक्य काही तिच्या तोंडातून निघेना.

"बाई," ती शेवटी म्हणाली, "हे पान मी काल सकाळीच लिहिलंय."

बाकी तिघांच्या तोंडचं पाणी पळालं.

"आणि आज काय झालं?" मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"आज बाळी मागं राहिली. तिला काहीतरी सांगायचं होतं, मी सांगू दिलं नाही. माझा पाठ फसला, बाई."

"मग नियम काय आहे? फसलेल्या पाठाचं काय करायचं?"

"पुन्हा घ्यायचा."

"मग घे की."

"आत्ता?"

"नाहीतर काय पुढच्या दिवाळीला?"

सुंद्राकडं दुसरं टाचण नव्हतं. ती वही ठेवून बाळीच्या गोणपाटावर जाऊन बसली. "बाळी, माझं चुकलं गं. पाच कसे उरले, मला सांगशील?"

बाळीनं आधी फुरंगटून पाहिलं. "हसणार नाही ना?"

"मुळीच नाही."

"अहो, पोपट कधी अख्खा पेरू खातो का? चोच मारतो नि दुसऱ्यावर जातो. आमच्या परड्यात मी रोज बघते ना! पेरू झाडालाच असतात. टोचलेले दोन नि चांगले तीन. म्हणजे पाचच की!"

"हो की!" मागून एक पोरगा ओरडला. "आमच्याकडं पण तसंच करतो मेला पोपट!"

सुंद्रानं कपाळावर हात मारला आणि हसायलाच लागली. वर्षभर शिकली, पण पेरूच्या झाडाखाली काही तिनं नीट पाहिलं नव्हतं. "बरं, मग तुझी आई त्यातले बाजाराला किती नेते?"

"तीन. टोचलेले आम्ही खातो. तेच तर गोड असतात."

"म्हणजे पाचातून दोन बाजूला काढले, तर?"

"तीन. असं सरळ विचारायचं ना, बाई!"

मग काय विचारता! ज्याला त्याला आपल्या घरची वजाबाकी सांगायची होती. कुणाच्या सात कोंबड्यांतली एक बोक्यानं नेली, कुणाच्या नऊ भाकरींतल्या चार एकट्या काकानं खाल्ल्या. सुंद्राला गाणं म्हणायची आठवणसुद्धा राहिली नाही.

पाठ संपल्यावर तिनं जुनं पान काट मारून खोडलं आणि खाली लिहिलं. घाईत शाई फराटली, ते सुरेख अक्षरही वाकडंतिकडं आलं. "बाई, टिपकागद आहे का?" तिनं विचारलं. मोठ्या बाई पहिल्यांदाच हसल्या आणि त्यांनी पदराखालून टिपकागदांचा अख्खा गठ्ठा काढला.

"वर्षभर हा गठ्ठा घेऊन फिरते आहे," त्या म्हणाल्या. "पाठ संपल्यावर लिहिलेलं पान ओलं असतं. पण अजून एकानंही माझ्याकडं टिपकागद मागितला नव्हता."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" बाकीचे तिघं एकदम म्हणाले. "मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर माझ्या धाकानं खरं लिहिलं असतंत. उद्या लांबच्या वाडीवर धाक घालायला मी कुठून येणार होते?" तिघांनी माना खाली घातल्या. मग त्यातला एकजण हळूच म्हणाला, "बाई, आम्हालाही पाठ पुन्हा घ्यायचाय." बाई म्हणाल्या, "घ्या. जरूर घ्या. पण या वर्षीची घंटा गेली."

त्या सुंद्राकडं वळल्या. "वाच."

सुंद्रानं वाचलं, "बाळीचं उत्तर चूक आहे असं मला वाटलं. ते चूक नव्हतं. मी ते पुरतं ऐकलं नव्हतं."

"आणि उद्देश सफल झाला का, ते कुठं आहे?"

"ते अजून मला ठाऊक नाही, बाई. उद्या बाळीला दुसरं गणित घालीन, मग लिहीन."

मोठ्या बाईंनी पितळी घंटा उचलली आणि तिच्या हातात दिली. सुंद्राच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. घंटा घट्ट धरून ती बाहेर धावली, तशी भागूआत्यानं टुणकन उडी मारून बैल जुंपायला घेतले.

"आत्ये, थांब. आपण उद्या निघायचं."

"उद्या? अगं घंटा मिळाली ना? मग कशापायी?"

"एका पोरीला काहीतरी विचारायचं राहिलंय."

आत्यानं आधी डोळे वटारले. मग बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं आणि म्हणाली, "बावीस घरं जन्मभर थांबलीत, एका दिवसानं काय झिजतात? पण लवकर उठून विचार हो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंद्रा बाळीच्या शेजारी जाऊन बसली. "बाळी, वेलावर आठ भोपळे होते. म्हैस सुटली, तिनं तीन खाल्ले. किती राहिले?"

बाळीनं डोळे बारीक केले. "म्हैस अख्खा खाते ना, बाई?"

"देठासकट."

"मग पाच."

सुंद्रानं तिथंच वही उघडली आणि उजव्या पानावरची शेवटची ओळ लिहिली.

तात्पर्य: पोरं शिकली की नाही, हे पोरांनाच विचारावं, आणि विचारायच्या आधी उत्तर लिहून ठेवू नये.