टिटवीने घोट घेतला नाही

तीन जंगलांच्या शिवेवर एक पाणवठा होता आणि त्याच्या काठच्या वाळूत एक टिटवी राहत असे. पाणवठा सामाईक, म्हणून त्याचा कारभारी नेमायची रीतही सामाईक. सिंह, वाघ आणि अस्वल हे तीन जंगलांचे तीन राजे मिळून एक नाव सुचवत. मग तिन्ही जंगलांतून निवडून आलेल्या प्राण्यांची सभा भरे. सभासदांनी पाण्याचा एकेक घोट घेतला, की नाव मंजूर. तोवर कोणीही पाण्याला तोंड लावायचे नाही, राजांनीसुद्धा नाही! पण मुलांनो, सभा भरायची ऐन उन्हाळ्यात. नाव पुरते ऐकायच्या आधीच सगळ्यांची तोंडे पाण्यात असत.

यंदा टिटवी सभेवर निवडून आली होती, आणि राजांनी नाव सुचवले अजगराचे. टिटवी ज्या जंगलातून निवडून आली, त्याच जंगलातला तो. कोणाशी भांडण नाही, तंटा नाही. बिचारा सदा झोपलेला. टिटवी मात्र घाबरली. गेल्या साली असाच एक झोपाळू कारभारी होता. पाण्याच्या पाळ्या कोणी लावल्याच नाहीत आणि उधळलेल्या रानरेड्यांनी तिची चारही अंडी तुडवली. आता वाळूत पुन्हा चार अंडी होती.

"थांबा!" टिटवी ओरडली. "अजगरदादा, रेडे एकदम धावत आले तर काय कराल?"

"राजेसाहेबांना विचारून सांगतो," अजगर म्हणाला.

"आणि पाणी आधी कोणी प्यायचं?"

"तेही विचारूनच सांगतो." अजगराने जांभई दिली.

"अगं, आपल्या जंगलातला आहे तो!" शेजारचा ससा कुजबुजला. "आपल्याच माणसाला पाडतेस होय?"

"अंडी तुडवणारे रेडेही आपल्याच जंगलातले होते," टिटवी म्हणाली. "मी घोट घेणार नाही."

सिंह गुरगुरला, "आमचं ठरलंय! तुम्ही नुसतं पाणी प्यायचं!"

टिटवी जागची हलली नाही. "नाव तुमचं, महाराज. घोट आमचा."

ऊन चढले. टिटवीच्या घशाला कोरड पडली. सशाने पाण्यापर्यंत तोंड नेले, टिटवीकडे पाहिले आणि मागे घेतले. मग हरणे मागे सरली, मग माकडे. दुपारी अस्वलाची जीभ हातभर बाहेर आली, तेव्हा कुठे तिन्ही राजे काठावरच्या जांभळीखाली पुन्हा विचाराला बसले. त्यांनी दुसऱ्या जंगलातल्या नीलगाईचे नाव सुचवले.

टिटवीने तिलाही रेड्यांचा तोच प्रश्न विचारला.

"रेड्यांची वाट वरच्या अंगाने वळवीन," नीलगाय म्हणाली. "खाली वाळूत चार अंडी आहेत. मघाशी येताना पाहिली मी."

टिटवीने चोच पाण्यात बुडवली. तिच्यामागून सगळी सभा प्यायली.

तात्पर्य : नाव कोणीही सुचवो, होकार आपल्या हाती असेल तर विचारल्यावाचून तो देऊ नये, मग तहान लागली तरी चालेल.