केरबाची गाडी आणि अण्णांचे गुडघे

एका गावात एक भोळा माणूस होता, असं सांगायची पद्धत आहे. पण हौसाच्या नवऱ्याला, केरबाला, भोळा म्हटलं तर गावातली खरी भोळी माणसं रागावतील. केरबा ठार बिनडोक होता. सांगितलं तेवढंच करायचा, आणि तेही नको तिथं.

त्याच्याकडं एक म्हातारी गाडी होती. इतकी पळालेली, की किलोमीटर दाखवणारा काटासुद्धा कंटाळून बसला होता. याच गाडीतून हौसाला आपल्या वडिलांना, अण्णांना, तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. अण्णांचे दोन्ही गुडघे गेले होते आणि ऑपरेशनवाले डॉक्टर सोमवारीच यायचे. म्हातारा पुन्हा आपल्या पायांनी अंगणात फिरावा, एवढीच बिचारीची इच्छा. आणि भरवसा कुणावर, तर या दिवट्यावर!

केरबा गाडी घेऊन इलाही मिस्त्रीकडं गेला. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, नाक मुरडलं आणि म्हणाला, "वीस हजार लागतील."

"बरं," म्हणून केरबा घरी पैसे मागायला आला.

हौसानं कपाळावर हात मारला. "अहो, पहिल्या आकड्याला कुणी हो म्हणतं का? समोरच्यानं आकडा सांगितला की निम्म्यावर आणायचा!"

"हात्तिच्या! एवढंच ना?"

दुसऱ्या दिवशी वाटेत एक गिऱ्हाईक भेटलं. "गाडी विकता का? चाळीस हजार रोख देतो."

"चाळीस? अजिबात नाही," केरबा कडाडला. "वीस!"

"पस्तीस तरी घ्या की हो."

"वीसच्या वर एक पैसा घेणार नाही!"

गाडी चोरीची दिसते, असं पुटपुटत गिऱ्हाईक जे पळालं ते पुन्हा दिसलंच नाही.

हौसा रडायचीच बाकी राहिली. "त्या पैशात अण्णांचं सगळं झालं असतं हो! गाडीबद्दल कुणी विचारलं तर तोंडभरून कौतुक करायचं. एक खोट सांगायची नाही!"

"आता कळलं," म्हणत केरबा थेट मिस्त्रीकडं.

मिस्त्रीनं विचारलं, "ब्रेक कसे लागतात?"

"ब्रेक? वा! असे ब्रेक पंचक्रोशीत नाहीत."

"क्लच?"

"लोणी!"

"मग आणलीस कशाला? ने घरी."

परतताना उतारावर गाडी जी सुटली, ती गावच्या उकिरड्यात नाकापर्यंत घुसली. केरबाला खरचटलंसुद्धा नाही. असल्यांना काही होत नाही.

बैल जुंपून गाडी बाहेर काढली. मिस्त्रीनं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि त्याचा पारा चढला. "केरबा, नीट ऐक. आधी वय बघायचं. मग किती चाललंय ते बघायचं. मग दुरुस्तीचा खर्च काढायचा. वय झालेलं, चालून चालून झिजलेलं आणि खर्च डोईजड, तर एक रुपया घालायचा नाही. सरळ भंगारात द्यायचं!"

"मिस्त्री म्हणतात ते अगदी बरोबर आहे," गलका ऐकून धावत आलेली हौसा म्हणाली. झालं! बायकोनंही शिक्का मारला.

गाडी भंगारात गेली. सोमवारी शेजाऱ्याच्या टेम्पोत अण्णांना बसवून हौसानं केरबाला पुढं धाडलं. म्हशीची धार काढून ती मागून एसटीनं येणार होती.

डॉक्टरांनी गुडघे दाबून बघितले. "वय किती, आजोबा?"

"अठ्ठ्याहत्तर."

"फारच झिजलेत. खूप चालला असाल."

"उभा जन्म मेंढरांमागं डोंगरात गेला."

"बरे होतील. खर्च मात्र बराच येईल."

केरबाचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला सगळं एकदम कळलं होतं.

हौसा पोचली तेव्हा खाट रिकामी होती. डॉक्टर दुसऱ्या पेशंटला घेऊन आत गेले होते. दारातल्या टेम्पोवाल्यानं मान खाली घालून रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. तिथं भंगारच्या दुकानात अण्णा वजनकाट्यावर बसून काठी फिरवत जावयाला शिव्या घालत होते. दुकानदार हात जोडून उभा होता.

"अहो, हे काय चालवलंय!" हौसा किंचाळली.

"बघ की गं, हा घ्यायलाच तयार नाही," केरबा वैतागून म्हणाला. "थांब, अण्णांची कवळी काढून दाखवतो. नवीकोरी आहे. मग बघ कसा घेत नाही ते!"