अंगठ्याची तिजोरी

पंचक्रोशीत दरारा असलेल्या आबासाहेब दाभोळ्यांचा स्वतःच्या बायकोवरही विश्वास नव्हता. त्यांनी शहरातून नवी तिजोरी आणली. ती फक्त त्यांच्या अंगठ्याने उघडायची. चारचौघांत त्यांनी गोदावरीबाईंच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून घेतला आणि ते म्हणाले, "किल्ली कुणीही चोरेल. अंगठा कोण चोरणार?"

लग्नापासून भरलेली कंबर रिकामी झाली. बाईंनी डोळे पुसले.

"सुटले बाई मी! आजवर तिन्ही पोरांची नजर या जुडग्यावर असायची. आता ती कुठे आहे, तेवढं बघा."

आबासाहेबांनी मान वळवली. तिन्ही मुलं त्यांच्या अंगठ्याकडे टक लावून पाहत होती.

त्यांनी मूठ मिटली. ती आता जेवतानाही उघडत नाही. घास बाईच भरवतात.