नेपतीची अट

एका राज्यात वाळू चालत असे. तिथला राजा धूम्रसेन, राणी जाईवंती आणि पाळण्यातली लेक केवडा. केवड्याच्या आधीची दोन्ही लेकरं वाळूनं गिळली होती.

का गिळली? तर राजानं गढीच्या भिंतीला विटा भाजायच्या म्हणून माळावरचं झुडूपन्‌झुडूप तोडून भट्टीत घातलं. त्या झुडपांत एका मांत्रिकाचं खोपट होतं, तेही जळालं. मांत्रिक म्हणाला, "राजा, तुझी भिंत चढेल तशी वाळू चढेल. लेकराबाळांसकट तिच्या पोटात जाशील." राजा भिंत वाढवी, वाळू भिंतीवरून आत उतरे.

त्या राज्याची रीत अशी, की वाळूनं ज्याचं माणूस नेलं त्यानं रोज सकाळी जाऊन तिथं उकरायचं. न उकरेल तो निर्दय. जाईवंती रोज उकरी. नखं गेली, बोटं सोलली, लेकरं काही सापडली नाहीत.

एका सकाळी वाळू केवड्याच्या पाळण्याला टेकली. राणीनं पाळणा आढ्याला उंच बांधला आणि रडत उकरायच्या टेकाडावर गेली. तिथं चंडोल पक्षी बसला होता.

"उकर बाई, उकर. तिसरीलाही इथंच आण."

"मेल्या, आईला टोचतोस?"

"मग वाळूत जी उभी आहेत त्यांना विचार. गवत, झाऊ आणि नेपती. तिघांच्या अटी पाळ, वाळू थांबेल."

गवत म्हणालं, "वारा येतोय. टिकून दाखव." राणी राणीसारखी ताठ उभी राहिली. वाऱ्यानं तिला उचलून आपटलं, मुकुट कुठल्या कुठं गेला. गवत हसलं, "वाऱ्यापुढं कसला आलाय तोरा?" मग राणी भुईसरपट झाली, वारा वरून गेला. गवतानं मूठभर बी दिलं.

झाऊचं झुडूप म्हणालं, "वाळू मला पुरते. पुरलेल्या फांदीलाच मी मुळं फोडतो आणि वर येतो. तू ये." वाळू राणीच्या कमरेला आली, छातीला आली. धडपडली तशी ती आणखी रुतली. मग गप्प राहिली. वाळूचा थर पडला की पाय सोडवून त्यावर ठेवी. अशी ती वर आली. झाऊनं फांदी दिली.

नेपतीच्या काटेरी झुडपावर ना पान ना सावली. ती म्हणाली, "जगायला मी पानं टाकली. तू काय टाकतेस?"

"माझा प्राण घे."

"तो नको. तुझं उकरणं टाक. तुम्ही साऱ्या आया उकरता म्हणून वाळू सुटी होते आणि चालू लागते. माझं मूळ तू उकरतेस तिथं, तुझ्या लेकरांवर लाव."

राणी म्हणाली, "मग ती मला कधीच दिसणार नाहीत."

"नाहीत."

जाईवंतीनं ज्या हातांनी उकरलं त्याच हातांनी मूळ लावलं, भोवती झाऊ खोचला, बी पेरलं. राजा फावडं घेऊन धावत आला. "कैदाशिणी, लेकरं सोडलीस?"

"सोडली नाहीत, महाराज. निजवली. आता जी उरलीय तिच्यासाठी भिंत पाडा."

तेवढ्यात वावटळ आली. वाळू त्या मुळापाशी अडली, गवतात शिरली आणि निमूट बसली. राजानं ते पाहिलं. तो फावडं घेऊन भिंतीकडे वळला. शेवटची वीट पडली तसा मांत्रिक आला, त्यानं नेपतीला ओंजळभर पाणी घातलं आणि शाप मागं घेतला. गावातल्या आयांनीही आपापल्या लेकरांवर झाडं लावली.

नेपतीला लाल फुलं आली त्या दिवशी केवडा उठून उभी राहिली आणि घट्ट वाळूवरून चालत आईच्या कुशीत आली. त्या घरातलं माणूस पुन्हा वाळूनं नेलं नाही. केवड्याला पुढं लेकरं झाली, लेकरांना लेकरं झाली, आणि घर भरलेलंच राहिलं.