झेरॉक्सवाला हैबती आणि फुकटची सिस्टीम

एका गावात एक भोळा झेरॉक्सवाला होता. हैबती त्याचं नाव. सांगाल ते मन लावून ऐकायचा आणि भलत्याच जागी लावायचा. त्याची बायको सगुणा. तिच्या कडेवर तान्हं पोर आणि जिवाला एकच घोर: सासू-सासऱ्यांच्या माघारी नणंदेचं, कुंदाचं, लग्न कसं जमणार?

दुकानातला जुना कॉम्प्युटर बंद पडला. शाळेतल्या पाटोळे सरांनी त्यात लिनक्स नावाची सिस्टीम बसवून दिली. म्हणाले, "जगभरच्या लोकांनी मिळून केलीय. फुकट आहे. हवी त्याला दे. वाटली म्हणून आपली कमी होत नाही."

"कमी होत नाही!" घोकत हैबती घरी आला. कुंदाला बघायला पाहुणे यायचे होते. सगुणाने पोराला झोपवून लाडू वळले होते. हैबती डबा घेऊन आळीभर वाटून आला.

"अहो, पाहुण्यांना काय देऊ आता?"

"डब्यात बघ की. कमी होत नसतात."

पाहुणे नुसत्या चहावर गेले. परत फिरकले नाहीत.

हैबतीने सरांना विचारलं, "आणि सिस्टीममध्ये खोट निघाली तर?"

"झाकायची नाही. चारचौघांत सांगायची. सगळे मिळून दुरुस्त करतात."

दुसरे पाहुणे आले. लाडू कुलपात होते, म्हणून सगुणा जरा निवांत होती. पाहुण्यांनी विचारलं, "मुलीला स्वयंपाक येतो ना?"

हैबती उभाच राहिला. "भात चिकट करते. घोरते. सकाळी उठवलं की भांडते. एवढे जण बसलोय, मिळून दुरुस्त करू."

"दादा!" आतून कुंदा किंचाळली.

"बघा, हे आणखी एक."

पाहुणे चपला शोधायला लागले.

"माणसाची खोट अशी सांगतात का हो?" सगुणा रडकुंडीला आली. "यापुढे सांगितलं तेवढंच करा."

मग एकदा हैबतीच्याच बोटाने कुणाची तरी लग्नपत्रिका कॉम्प्युटरमधून पुसली गेली. सर म्हणाले, "नेहमी एकासारखं दुसरं राखून ठेवावं. तेही वेगळ्या जागी. एक गेलं तर दुसरं हाताशी."

अखेर देवाने ऐकलं. निमगावच्या आणि वाकोडीच्या, दोन्ही मुलांना कुंदा पसंत पडली. कुंदाने निमगावचा निवडला. सगुणाने हैबतीला निमगावला होकार सांगायला धाडलं. तो तिन्हीसांजेला उगवला.

"एवढा वेळ?"

"वाकोडीलाही जाऊन आलो."

"बरं केलंत. त्यांनाही सांगायलाच हवं होतं."

लग्नाचा दिवस उजाडला. मांडव भरला. निमगावची वरात वाजतगाजत दारात आली. सगुणाने ओवाळायला ताट उचललं. तेवढ्यात गावाच्या दुसऱ्या टोकाला ताशा कडाडला. वाकोडीची वरात! तिथेही घोडा, तिथेही बाशिंग.

सगुणाच्या हातातलं ताट खाली पडलं. "अहो, हे काय?"

"राखीव," हैबती म्हणाला. "वेगळ्या गावचा आहे. तिसऱ्यालाही विचारलं होतं, पण त्याचं लग्न झालेलं निघालं."