बिनगाठीचे कापड

एका गावात ओढ्याकाठी रखमाजी नावाचा रंगारी राहत होता. मंजिष्ठेच्या मुळांचा लाल रंग द्यावा तर त्यानेच. धाकटा भाऊ नाथा त्याच्या हाताखाली काम करी. पूर्वी नाथाला जवळ नसलेल्या माणसांचे बोलणे ऐकू येई. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी या आजाराला स्किझोफ्रेनिया म्हटले. गोळ्यांनी आवाज थांबले, पण नाथा कामे विसरू लागला.

रंगाआधी कापडाला तुरटीचे पाणी द्यावे लागते. नाहीतर रंग पहिल्याच धुण्यात उतरतो. तुरटी दिलेल्या कापडाच्या कोपऱ्याला गाठ मारायची, ही त्या घरची रीत. नाथा कधी तुरटी विसरे, कधी गाठ. एका नवरीचे लुगडे फिके पडले आणि गावाने रखमाजीला नावे ठेवली.

रखमाजीच्या मनात पाल चुकचुकली. "आवाज गेले, आता सोंग आलं," तो बायकोला म्हणाला.

"सोंग करून त्याला काय मिळतं?"

"उन्हातलं काम चुकतं."

त्याने पाळत ठेवली. तीन कामे सांगून दाराआड उभा राहिला. नाथाने पहिले केले. मग तुरटीचा खडा हातात धरून त्याच्याकडे बघत राहिला. लबाडाने मला पाहिले असणार, रखमाजीला वाटले.

तो नाथाला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

"विसरणं या आजारातच असतं," बाई म्हणाल्या. "त्याची खूण रक्तात सापडते का, ते आम्ही शोधतोय."

"घ्या रक्त. खरं-खोटं होऊन जाऊ दे."

आठ दिवसांनी रखमाजी एकटाच तपासणीचा कागद आणायला गेला. रक्तात काही सापडले नव्हते.

"म्हणजे सोंगच!"

"नाही, रखमाजी. रक्तात काय बघायचं, तेच आम्हाला अजून पुरतं उमगलेलं नाही."

त्याने ते ऐकून सोडून दिले. कागद खिशात घातला. नाथाला आजच घराबाहेर काढायचे, असे ठरवून तो परतला.

अंगणात दोरीवर दोन कापडे वाळत होती. दोन्ही धुतलेली, पांढरी, बिनगाठीची.

"तुरटी कुठल्याला दिलीस?" रखमाजी गरजला.

"एकाला दिली, दादा. कुठल्या ते आठवत नाही. तू बघून सांग. चाळीस वर्षं झाली तुला या कामात."

रखमाजीने कापडे उन्हात धरली. चोळली. हुंगली. जिभेलाही लावली. काही कळेना. शेवटी दोन्हींचे कोपरे कापून रंगात उकळले आणि ओढ्यात धुतले. एक लालभडक राहिला. दुसऱ्याचा रंग पाण्याबरोबर गेला.

रखमाजीने खिशातला कागद काढला. तोही त्या पांढऱ्या कापडांसारखाच, बघून काही न सांगणारा. तो घडी करून त्याने परत खिशात ठेवला आणि भावाला हाक मारली.

"नाथा, उद्यापासून एका वेळी एकच काम सांगीन. झालं की हाक मार. गाठ मी मारीन."

"आणि तू विसरलास तर?"

"तर ओरड माझ्यावर."

तात्पर्य: तपासणीत दिसले नाही म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. आपल्याला ओळखता आले नाही, याचा दोष आजाऱ्याच्या माथी मारू नये.